कोर्टाचे घड्याळ सुरू होण्याआधी

गेल्या काही वर्षांत अंधेरी-बोरिवलीकडे आणि इकडे घाटकोपर-मुलुंडकडे पिकलबॉलची कोर्टे भराभर निघाली. कुठे टर्फच्या कडेला, कुठे टॉवरच्या पार्किंगवर, कुठे मोकळ्या प्लॉटला जाळी लावून. तिथे झाडू मारणारी, लाइट लावणारी, चेंडू गोळा करणारी पोरे बऱ्याचदा आपल्याच वस्तीतली असतात. कोर्ट रिकामे असले की तीही पॅडल हातात घेतात. मग चौघे वर्गणी काढतात आणि रात्रीचा एक तास बुक होतो. काही ठिकाणी महिला मंडळाच्या ताई विहाराच्या पटांगणात खडूने रेघा मारून खेळू लागल्या आहेत. आम्हाला याचा आनंदच आहे.

तसे पाहिले तर हा खेळ जुगाडातूनच जन्मला. १९६५ साली अमेरिकेतल्या सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर सुट्टीत कंटाळलेल्या मुलांसाठी मोठ्यांनी बॅडमिंटनच्या कोर्टावर टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोके पाडलेला प्लास्टिकचा चेंडू घेऊन खेळ लावून दिला. आपल्याकडे तो आणला मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी. २००८ मध्ये अखिल भारतीय पिकलबॉल संघटना स्थापन झाली. कोर्ट लहान, वीस फूट रुंद आणि चव्वेचाळीस फूट लांब. चेंडू हलका. त्यामुळे पन्नाशीची मावशी आणि पंधरा वर्षांची नात एकत्र खेळू शकतात.

पण कोर्ट लहान म्हणून खेळ हलका, असे समजू नये. इथे सलग धावणे नसते. दोन पावले झपकन पुढे, लगेच ब्रेक, बाजूला उडी, गुडघे वाकवून जाळीपाशी थांबणे, पुन्हा मागे. गाडी पहिल्या गिअरमधून एकदम चौथ्यात टाकण्यासारखे हे आहे. थंड पडलेल्या पोटरीला आणि घोट्याला हे झेपत नाही.

वॉर्मअप का होत नाही, याचे कारण आळस नाही, पैसा आहे. तासाला काही शे रुपये मोजलेले असतात. आत शिरल्या शिरल्या घड्याळ चालू होते. मग कोण दहा मिनिटे हातपाय हलवत बसणार? पहिल्याच मिनिटाला जोरात सर्व्हिस सुरू. टॉवरमधल्या माणसाचा पाय मोडला तर तो लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करतो. आपल्याकडचा दादा डिलिव्हरीची गाडी चालवतो, ताई चार घरची धुणीभांडी करते, कोणी कंत्राटी सफाईत आहे. घोटा सुजला की त्या दिवसापासून रोज बंद. म्हणून आमचे सांगणे सोपे आहे: वॉर्मअप कोर्टाच्या आत करूच नका. बाहेर, गल्लीत, गेटपाशी, पंधरा मिनिटे आधी पोहोचून करा. त्याला भाडे पडत नाही.

यावर वस्तीत हमखास येणारे उत्तर असे: "ताई, आम्ही दिवसभर राबतो, आमचे अंग गरमच असते." हे उत्तर आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्यावर थोडे थांबायला हवे. दिवसभर राबलेले अंग दमलेले असते, तयार नसते. आठ तास वॉचमनच्या ड्युटीवर उभे राहिलेल्या पोटऱ्या ताठरलेल्या असतात. उकिडवे बसून भांडी घासणाऱ्या ताईंचे गुडघे आणि कंबर आखडलेली असते. बाइकवर बसलेल्याचे मांडीचे स्नायू तासन्‌तास एकाच घडीत असतात. त्यावर लोकलमधला उभ्याचा प्रवास. या अंगाला तर वॉर्मअपची गरज जास्त. आणि घाम आला म्हणजे अंग गरम झाले, हाही गैरसमज. आपल्या मुंबईत मे महिन्यात नुसते पंख्याखाली बसले तरी घाम येतो. तो दमट हवेचा घाम. स्नायू आतून गरम होतो तो हालचालीने, त्यात रक्त जास्त खेळू लागल्याने. गरम स्नायू लवकर आकसतो, लवकर सैल होतो आणि ताण सहन करतो. सांध्यातले वंगणही हालचालीनेच पसरते.

वॉर्मअपने खरेच फरक पडतो का, अशी शंका घेणे चांगलेच. नॉर्वेमध्ये तेरा ते सतरा वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर एक मोठा अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या संघांना ठरवून दिलेला वीस मिनिटांचा वॉर्मअप करायला लावला, त्यांच्यात एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी दिसल्या. खेळ वेगळा आहे, पण गुडघा आणि घोटा तोच.

आता करायचे काय ते सांगतो. सुरुवातीला तीन-चार मिनिटे भरभर चाला, मग जागच्या जागी हलके धावा. श्वास वाढला पाहिजे, पण शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग कमी करा. मग भिंतीला हात टेकून एकेक पाय घड्याळाच्या लंबकासारखा पुढे-मागे आणि आडवा झुलवा, दहा-दहा वेळा. घोटे गोल फिरवा. भिंतीचाच आधार घेऊन टाचा उचला, चवड्यांवर उभे राहा आणि सावकाश खाली या. हे पंधरा वेळा, आणि ते टाळू नका. या खेळात पोटरीला आणि टाचेमागच्या जाड शिरेला बराच मार बसतो. मग खुर्चीत बसल्यासारखे अर्धे वाका आणि उठा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पावच वाकावे, पण वाकावे.

नंतर आडवी पावले. खेकड्यासारखे चार पावले उजवीकडे, चार डावीकडे, गुडघे किंचित वाकलेले. वेग हळूहळू वाढवा. याच वेळी एक सवय लावून घ्या. चेंडू डोक्यावरून मागे गेला की आपली माणसे तोंड पुढे ठेवून उलटी धावतात, टाच अडकते, मागे पडतात, हात टेकतात आणि मनगट मोडते. चाळिशी उलटलेल्या बायकांची हाडे तर आधीच ठिसूळ होऊ लागलेली असतात. म्हणून मागे जायचे तर आधी अंग वळवायचे, मग धावायचे. वॉर्मअपमध्ये दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा असे वळून धावा, म्हणजे खेळताना पाय आपोआप तसेच पडतात.

शेवटी खांदे. हात आधी लहान, मग मोठ्या गोलात फिरवा, मनगटे फिरवा, चेंडूशिवाय पॅडल हवेत हळू चालवा. कोर्टात शिरल्यावर पहिली तीन-चार मिनिटे जाळीपाशी उभे राहून चेंडू हलकेच इकडून तिकडे द्या. स्मॅश त्यानंतर. हा खेळातलाच सराव आहे, भाड्याचा वेळ वाया गेला असे म्हणायचे कारण नाही.

शाळेच्या पीटीत आपल्याला वाकून पायाचे अंगठे धरायला आणि वीस आकडे मोजेपर्यंत तसेच राहायला शिकवले. तो ताण वाईट नाही, पण खेळाआधी नको. थंड स्नायू ओढून धरल्याने तो गरम होत नाही. ते ताणणे खेळ संपल्यावर करा. खेळाआधी चालती हालचाल, खेळानंतर थांबलेला ताण, एवढे ध्यानात ठेवा.

बुटांबद्दल दोनच शब्द. चपलेवर किंवा सँडलवर हा खेळ नको. उंच मऊ टाचेच्या धावण्याच्या बुटांपेक्षा सपाट, पकड असलेल्या तळाचे साधे बूट आडव्या उडीला बरे. पटांगणात वाळू-खडी असेल तर आधी झाडून घ्या. ताईंनी ओढणी कमरेला घट्ट बांधावी. साडीवर खेळत असाल तर ती आखूड खोचून घ्यावी. कोणी हसले तर हसू द्या.

चाळिशीच्या पुढच्यांसाठी वॉर्मअपचा आणखी एक उपयोग आहे, तो हृदयाचा. १९७३ साली अमेरिकेत काही निरोगी पुरुषांना तयारीशिवाय एकदम जोरात धावायला लावले, तेव्हा त्यांतल्या अनेकांच्या ईसीजीमध्ये हृदयाला रक्त कमी पडल्याच्या खुणा दिसल्या. आधी हलके धावून घेतल्यावर बहुतेकांत त्या दिसल्या नाहीत. ही निरोगी माणसे होती. आपल्या वस्त्यांत बीपी आणि शुगर न तपासलेली माणसे घरोघरी आहेत, त्यात तंबाखूची भर. महापालिकेच्या 'आपला दवाखाना'त बीपी मोफत मोजून मिळतो. खेळ सुरू करण्याआधी एकदा मोजून घ्या. आणि वॉर्मअप करतानाच छातीत दडपण आले, डावा हात किंवा जबडा भरून आला, गार घाम फुटला, चक्कर आली, तर "खेळताना जाईल" म्हणू नका. खाली बसा आणि बरोबरच्यांनी ताबडतोब १०८ ला फोन करावा.

एवढे करूनही पाय मुरगळू शकतो. तेव्हा खेळ थांबवा. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे धरा, दोन-तीन तासांनी पुन्हा. पाय उशीवर उंच ठेवा. पहिले दोन दिवस चोळणे, मालीश आणि गरम शेक नको. आपल्याकडे हाडवैद्याकडे नेऊन पाय ओढून घेण्याची घाई असते. हाडाला चीर असेल तर ते ओढणे महागात पडते. मुरगळलेल्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढायलाच हवा.

टाचेमागची शीर तुटली तर मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटते, कधी फट्‌ असा आवाजही येतो. मागे वळून पाहावे तर कोणीच नसते. अशा माणसाला थोडे चालता येते म्हणून घरी नेऊ नका. त्याच रात्री राजावाडी, कूपर किंवा कांदिवलीचे शताब्दी, जे जवळ असेल ते गाठा. उशीर झाला तर उपचार किचकट होतात आणि कामावर परतायला आणखी महिने लागतात. केसपेपर काढताना नुसते "पाय मुरगळला" सांगू नका. आवाज आला होता का, लाथ बसल्यासारखे वाटले का, चवड्यावर उभे राहता येते का, हे तिन्ही डॉक्टरांना स्वतःहून सांगा.