‘शिकवले’ आणि ‘शिकली’ : आनंदीबाई जोशी यांच्या पत्रातील स्वातंत्र्यविचार

मराठी साहित्याच्या अभ्यासात ‘स्वातंत्र्य’ ही संकल्पना बहुधा दोन वाटांनी येते. एक वाट संतपरंपरेतील मुक्तीची, दुसरी राष्ट्रीय चळवळीतील स्वराज्याची. पहिलीत जीव संसाराच्या बंधनातून सुटतो, दुसरीत समाज परकीय सत्तेतून. दोहोंतही बांधणारा एक आणि सोडवणारा दुसरा, अशी स्पष्ट विभागणी गृहीत असते. एकोणिसाव्या शतकातील सुधारकांच्या घरात मात्र ही विभागणी टिकत नाही. तेथे पत्नीला अक्षरओळख करून देणारा पती आणि तिच्यावर सर्वाधिकार गाजवणारा पती हा एकच पुरुष असतो. दुसऱ्याने दिलेले, किंबहुना दुसऱ्याने लादलेले स्वातंत्र्य हे खरे स्वातंत्र्य होऊ शकते काय, हा प्रश्न म्हणूनच येथे अधिक कठीण होऊन उभा राहतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांच्या उदाहरणावरून करावयाचा आहे.

आनंदीबाई कल्याणच्या जोशी घराण्यातील. माहेरचे नाव यमुना. ठाणे जिल्ह्यातील हे जुने बंदर त्या काळी नव्या जगाशी जोडले जात होते. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. गावात सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये, म्हणजे यमुनेच्या जन्माच्या आदल्या वर्षी स्थापन झाले. परंतु गावात ग्रंथ येणे आणि ते गावातील मुलीच्या हाती पडणे यांत फार मोठे अंतर होते. १८७४ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी यमुनेचा विवाह पोस्टखात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी या विधुराशी झाला. वयातील अंतर सुमारे वीस वर्षांचे. नाव बदलले, आणि शिक्षण सुरू झाले. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत दगावला. १८८३ मध्ये त्या एकट्या अमेरिकेस गेल्या, ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. हा जीवनपट मराठी वाचकास परिचित आहे. अपरिचित राहिला आहे तो त्यातील कर्तेपणाचा प्रश्न.

‘कर्तेपण’ हा शब्द येथे व्याकरणाच्या अर्थानेच घ्यावा. पाणिनीने अष्टाध्यायीत कर्त्याचे लक्षण सांगताना ‘स्वतंत्र’ हाच शब्द योजला आहे: क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र, तो कर्ता. लगेच पुढच्या सूत्रात त्या कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्याचा विचार येतो. या प्रयोजकाला ‘हेतु’ अशी संज्ञा मिळते आणि कर्ता ही संज्ञाही मिळते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, प्रयोजक ज्याला प्रवृत्त करतो तो जड पदार्थ नसतो, मुळात स्वतंत्र असा कर्ताच असतो. परंतु याच प्रकरणात आणखी एक नियम आहे. गती, बोध, भोजन इत्यादी अर्थांच्या धातूंच्या बाबतीत, मूळ वाक्यातला कर्ता प्रयोजक वाक्यात कर्म होतो. मराठीतही याच्याशी जुळणारा भेद दिसतो. ‘गड्याकडून लाकडे फोडवली’ या वाक्यात गडी ‘कडून’ या शब्दाच्या आधाराने का होईना, करणाऱ्याच्या जागी टिकून राहतो. ‘गोपाळरावांनी आनंदीला शिकवले’ किंवा ‘आनंदीला अमेरिकेस पाठवले’ या वाक्यांत मात्र ती ‘ला’ प्रत्यय घेऊन सरळ कर्माच्या जागी जाते. शिकणे आणि जाणे, ज्या दोन क्रियांनी आनंदीबाईंचे आयुष्य घडले, नेमक्या त्याच क्रियांत भाषा त्यांचे कर्तेपण झाकते.

व्याकरणावरून जीवनाचे सिद्धान्त काढू नयेत, हे खरे. तरीही आनंदीबाईंविषयीचे बहुतेक लेखन याच वाक्यरचनेत अडकलेले आहे, ही गोष्ट योगायोगाची वाटत नाही. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या लोकप्रिय कादंबरीने, पुढे तिच्यावरील नाटकाने आणि २०१९ च्या चित्रपटाने या दांपत्याची कथा घरोघर नेली. शीर्षकात दोन नावे शेजारी आहेत; मध्ये ‘आणि’ नाही. वाचकाच्या मनावर ठसतो तो मात्र गोपाळरावांचा हट्ट. विक्षिप्त, तापट, तरीही द्रष्टा असा प्रयोजक, आणि त्याच्या हट्टातून घडत जाणारी आनंदी, ही रचना कादंबरी म्हणून अत्यंत परिणामकारक आहे. तिच्यातून स्वातंत्र्याविषयी जे सूचित होते ते मात्र तपासून घ्यावयास हवे. अंतिम फळ गोड निघाले म्हणजे मारलेला हातही मायेचा ठरतो, हा तो सूचितार्थ होय.

या सूचितार्थाला सर्वांत समर्पक उत्तर खुद्द आनंदीबाईंनी दिलेले आहे. अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात, आपण तिला दिलेली वागणूक बरी होती की वाईट, या प्रश्नाला त्या उत्तर देतात. त्यांचे म्हणणे असे की, ती दोन्ही होती. अंतिम हेतूच्या दृष्टीने पाहिले तर योग्य म्हणावी लागेल. लहान मुलाच्या मनावर होणाऱ्या परिणामाच्या दृष्टीने पाहिले तर अयोग्य होती, हे न्यायाने कबूल केले पाहिजे. मग त्या हिशेब मांडतात: दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांचा मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेली पुस्तके आणि खुर्च्या, चौदाव्या वर्षी आणखी वेगळ्या शिक्षा. प्रत्येक वेळी ते वय, ते शरीर आणि ते मन यांना हे सारे सोसण्यापलीकडचे होते, असेही त्या बजावतात. हिंदू स्त्रीला पतीपुढे बोलण्याचा अधिकार नाही, पती करील ते करू द्यावे आणि गप्प राहावे एवढाच तिचा अधिकार, असा उपरोधही त्याच पत्रात आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते हे पत्र मराठी गद्यातील स्वातंत्र्यविचाराचा एक मूलभूत दस्तऐवज आहे, आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमात त्याला जागा मिळावयास हवी. येथे कृतघ्नता नाही, क्षमाही नाही. साध्य आणि साधन यांना वेगवेगळे तोलण्याची जी शक्ती तत्त्वचिंतक फार कष्टाने मिळवतात, ती विशीच्या आतबाहेरची एक विद्यार्थिनी स्वतःच्या बालपणावर चालवून दाखवते. मुख्य म्हणजे, ज्याच्यामुळे तिला लिहिता येऊ लागले त्यालाच ती त्या लिहिण्याच्या बळावर न्यायासनासमोर उभे करते. गोपाळरावांनी शिकवले ते वाचन, लेखन, इंग्रजी. असा निवाडा देण्याचे त्यांनी शिकवलेले नव्हते. ‘शिकवले’ या क्रियेची सीमा संपून ‘शिकली’ ही क्रिया जेथे सुरू होते, ते स्थळ हे आहे. बोलण्याचा अधिकार नाही असे म्हणत म्हणतच ती बोलते, यातला उपरोध तिला पुरता ठाऊक असावा, असे पत्राच्या सुरावरून वाटते.

इसाया बर्लिन यांनी १९५८ मध्ये ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात स्वातंत्र्याच्या दोन संकल्पना वेगळ्या काढल्या. एक, दुसऱ्याच्या हस्तक्षेपाचा अभाव. दुसरी, आपण आपले स्वामी असणे. दुसरीच्या नावाखाली ‘तुझ्या खऱ्या हितासाठी’ म्हणून सक्ती करता येते, हा त्यांचा इशारा होता. गोपाळरावांचे वर्तन हे या इशाऱ्याचे जवळजवळ शालेय उदाहरण ठरावे. परंतु आनंदीबाईंचे पत्र बर्लिन यांच्या मांडणीत पुरतेपणी बसत नाही. हस्तक्षेपाने घडलेली व्यक्तीही त्या हस्तक्षेपाचे मूल्यमापन करण्याइतकी स्वतंत्र होऊ शकते, आणि तेवढ्याने तो हस्तक्षेप समर्थनीय ठरत नाही, अशी दुहेरी भूमिका त्यात आहे.

ही भूमिका एका पत्रापुरती नव्हती. अमेरिकेशी पहिला पत्रव्यवहार गोपाळरावांनी केला. रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला त्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली, आणि ख्रिस्ती होण्याची अपेक्षा उत्तरादाखल आली. तो पत्रव्यवहार छापील रूपात वाचून न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी लिहिले. त्यांना पुढे पत्रे जाऊ लागली ती आनंदीबाईंची स्वतःची. परक्या देशातील त्या बाईंना त्यांनी मावशीचे नाते दिले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात, जाण्यापूर्वी, त्यांनी इंग्रजीतून भाषण केले. एकटी का जातेस, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर अगदी व्यवहारी होते: दोघांच्या खर्चापुरता पैसा नाही, आणि पतीवर वृद्ध आईवडिलांचा व लहान भावंडांचा भार आहे. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन, असेही त्यांनी जाहीर केले. ते त्यांनी पाळले. उलट पत्नीला धर्मांतरापासून जपणारे गोपाळराव पुढे १८९० च्या पुण्यातील पंचहौद मिशनच्या चहा प्रकरणाचे सूत्रधार झाले, आणि काही काळ ख्रिस्तीही झाले! प्रयोजकापेक्षा प्रयोज्याचे पाऊल अधिक स्थिर पडले, असे म्हणावयास हरकत नाही. थंडीच्या देशात नऊवारी सोडून गुजराती धाटणीने साडी नेसण्याचा निर्णयही आनंदीबाईंचा होता, आणि त्याबद्दलची पतीची नाराजी त्यांनी पत्रातून सोसली.

याचा अर्थ त्या सर्व बंधनांतून मुक्त झाल्या होत्या, असा काढणे भाबडेपणाचे होईल. अमेरिकेतील श्रोत्यांपुढे त्यांनी बालविवाहाचे समर्थन केले होते. स्वतःच्या पतीला ज्या गोष्टीबद्दल त्या जाब विचारतात तिचीच बाजू परक्यांपुढे घेतात, या विसंगतीचे मूळ वासाहतिक परिस्थितीत आहे. मिशनऱ्यांपुढे आपला समाज उघडा पाडणे म्हणजे दुसऱ्या एका प्रयोजकाच्या हाती स्वतःला देणे होते. जातीची चौकटही सुटलेली नव्हती. १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे यांच्याजवळ संतापाची जी मोकळीक आहे, ती आनंदीबाईंच्या लेखनात नाही. त्याहून आधी, १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त मातंग समाजाच्या दुःखाविषयी लिहिणाऱ्या मुक्ता साळवे या फुले यांच्या शाळेतील विद्यार्थिनीचा प्रश्न तर वेगळ्याच पायरीवरचा होता. स्वातंत्र्याची प्राप्ती ही सर्व दिशांनी एकाच वेळी होत नसते. आनंदीबाईंना ती घराच्या आत, पतीच्या संदर्भात झाली. समाजाच्या संदर्भात होण्यापूर्वीच आयुष्य संपले. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. ते काम करावयास त्या उरल्या नाहीत.

चरित्रलेखनाच्या इतिहासाकडे पाहता हा मुद्दा अधिक उजळतो. कॅरोलाइन डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये, निधनानंतर वर्षभरातच आले. मराठीतील पहिले महत्त्वाचे चरित्र काशीबाई कानिटकर यांचे. काशीबाईंचे स्वतःचे लेखन-वाचनही पतीच्या आग्रहातून सुरू झाले होते. रमाबाई रानडे यांची गोष्टही तीच. म्हणजे एका ‘शिकवलेल्या’ स्त्रीने दुसऱ्या ‘शिकवलेल्या’ स्त्रीचे चरित्र लिहिले, आणि ते लिहिण्यासाठी तिच्या पत्रांचा आधार घेतला. पत्रे छापणे हाही कर्तेपण परत देण्याचा एक मार्ग होता, याची जाणीव आपल्या समीक्षेला उशिरा झाली. अंजली कीर्तने यांचा ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ (१९९७) हा ग्रंथ आणि मीरा कोसंबी यांचे संशोधन यांनी कादंबरीतील आनंदीमागची पत्रलेखिका पुन्हा समोर आणली. कीर्तने यांच्या शीर्षकातील ‘कर्तृत्व’ हा शब्द येथील चर्चेच्या दृष्टीने बोलका आहे.

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील महाविद्यालयांतून शिकवणाऱ्यांना या चर्चेचा आणखी एक उपयोग आहे. या पट्ट्यातील लोकलने रोज कामाला जाणाऱ्या हजारो स्त्रियांच्या घरांत आजही एक वाक्य सहज बोलले जाते: ‘आम्ही सुनेला नोकरी करू दिली.’ ‘करू देणे’ हा संयुक्त प्रयोग अनुमतीचा आहे. त्यातही ती ‘ला’ घेऊनच येते, आणि कर्तेपद देणाऱ्याकडे राहते. पगार तिचा, पहाटेची गाडी तिची, डबा तिने केलेला, पण वाक्याचा कर्ता दुसराच. विद्यार्थिनींसमोर ‘आनंदी गोपाळ’ आणि ते पत्र शेजारी ठेवून वाचले, तर हे वाक्य त्यांना स्वतःहून आठवावे. कोणाचे ऋण नाकारा असे ते पत्र सांगत नाही. ऋण मान्य करूनही हिशेब मागता येतो, एवढेच दाखवते.

आनंदीबाईंच्या अस्थी अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील त्यांच्या कौटुंबिक दफनभूमीत ठेवल्या गेल्या. तेथील शिळेवर नाव व जन्म-मृत्यूची वर्षे आहेत, आणि शिक्षण मिळवण्यासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा आशयाचा मजकूर आहे. ‘ब्राह्मण’ हा शब्द तिथेही सुटलेला नाही. मात्र भारत ‘सोडणारी’ आणि शिक्षण ‘मिळवणारी’ तीच आहे. तिला कोणी पाठवले, याचा त्या ओळीत उल्लेख नाही.