पद्मिनीच्या काचेतून गळणारे पाणी

प्रश्न: माझ्याकडे वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. पावसात पुढच्या काचेखालून पाणी येऊन पायातले मॅटिंग भिजते. काचेभोवती सिलिकॉन भरून घेऊ का?

उत्तर: सिलिकॉन अजिबात भरू नका. फट वरून बुजते, पण आत शिरलेले पाणी तिथेच अडकून पत्रा गंजवते. शिवाय सिलिकॉन लागलेल्या जागी पुढे रंग नीट धरत नाही.

आधी गळतीची नेमकी जागा शोधा. एकाने बॅटरी घेऊन आत बसावे, दुसऱ्याने नळीने हलक्या धारेने खालून वर पाणी सोडावे. वरून सुरुवात केली तर ओघळ फसवतात. वायपरच्या दांड्यांची रबरेही तपासा. दोष पुष्कळदा तिथेच असतो.

काचेभोवतीची रबरी बीडिंग मऊ असेल, तर तिची कड अलगद उचलून न वाळणारे ब्यूटाइल सीलंट भरा. कडक होऊन आकसली असेल, तर नवीनच बसवा. त्यासाठी काच काढावी लागेल आणि खरे काम तेव्हाच दिसेल. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांत हमखास गंज असतो. तो खरवडून, इपॉक्सी प्रायमर आणि रंग मारून पूर्ण वाळू द्या. ही पायरी कोणी टाळू म्हणाले तर ऐकू नका.

बसवताना बीडिंगच्या खाचेत सुतळी घालतात, साबणपाणी लावतात. एकाने बाहेरून काच तळहाताने दाबायची, दुसऱ्याने आतून सुतळी ओढायची. रबराची कड आपोआप पत्र्यावर चढते.