गाडी कुणाच्या नावावर आहे?

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "उस्ताद म्हणले गाडी मिस मारायलीय, इंजिन बांधावं लागंल, हाफमधी भागवू," आणि तू नुसती मान डोलावून आलीस. आता तिथंच थांब. ॲडव्हान्स देऊ नको, आणि त्या माणसावर चिडूही नको. तो खोटंच बोलला असं मला म्हणायचं नाही. पण विचारलंच नाही तर तो तरी कशाला समजावून सांगेल?

गॅरेजची बोली पाठ करायची काही गरज नाही, बरं का. "दहा-अकरा दे रे" म्हणजे दोन तोंडांचा पाना, एका बाजूनं दहा मिलिमीटरचा, दुसऱ्या बाजूनं अकराचा. हे तुला ठाऊक नसलं म्हणून काही अडत नाही. कोणत्या शब्दामागं किती खर्च दडलाय, तेवढं मात्र कळलं पाहिजे.

तुझ्या गाडीचंच घे. मिस मारणं म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. त्याला बहुतेक वेळा प्लग, कॉइल नाहीतर इंजेक्टर कारण असतो, म्हणजे किरकोळ नाहीतर मध्यम खर्च. इंजिन बांधणं म्हणजे ते खोलून रिंगा, पिस्टन, बेअरिंगा बदलून पुन्हा जोडणं. खर्चाचा डोंगर! मिसिंगवरून एकदम तिथं उडी कशी गेली, ते विचार. आधी कॉम्प्रेशन तपासायला लाव. ते कमी भरलं, सायलेन्सरमधून निळसर धूर येत असला, गाडी ऑइल खात असली, तर मग बांधण्याचं बोलू म्हणावं. आणि 'हाफ इंजिन' या शब्दावर तर कधीच हो म्हणू नको. प्रत्येक गॅरेजचं हाफ वेगळं असतं. काय काय खोलणार, काय बदलणार, ते कागदावर लिहून माग.

"सेल्फ घेत नाही" ऐकून घाबरू नको. सेल्फ म्हणजे स्टार्टर. कित्येकदा बॅटरीचं टर्मिनल सैल असतं किंवा त्यावर पांढरा थर चढलेला असतो. ते घासून, आवळून बघितल्याशिवाय नवा सेल्फ टाकू द्यायचा नाही. खड्ड्यात खालून खटखट वाजलं की "बुश गेले" म्हणतील. ते रबराचे असतात, फार महाग नसतात. शॉकअप गेलेत म्हणाले तर मात्र तेल गळतंय का ते दाखवायला सांग.

"क्लच स्लिप मारतोय" हे तुझं तुलाही ओळखता येतं. ॲक्सिलेटर दिला की इंजिन ओरडतं, पण गाडी काही पळत नाही. श्रावणी सोमवारी किंवा महाशिवरात्रीला नागनाथाच्या देवळापाशी गर्दीतून गाडी रेटताना हाफ क्लचवर पाय ठेवून बसू नको, बाई. क्लच प्लेट त्यानंच जळते. गिअर न्यूट्रलला काढ, हँडब्रेक ओढ आणि निवांत बस.

आणखी एक महाग शब्द म्हणजे 'हेड', म्हणजे इंजिनाचा वरचा भाग. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तापमानाचा काटा वर चढला आणि तशीच गाडी दामटली, तर हेड गॅस्केट उडतं, हेड वाकतं, मग त्याचं फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून आणा. म्हणून काटा चढला की बाजूला घे, इंजिन बंद कर आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नको, उकळतं पाणी अंगावर येतं. कूलंटची पातळी दर आठवड्याला, गाडी गार असताना बघत जा.

गॅरेजात गेलीस की त्यांचे शब्द त्यांनाच परत ऐकवू नको. तू तुझं सांग: आवाज कधी येतो, गार असताना की तापल्यावर, डोंगराच्या चढाला की सपाटीला, ब्रेक दाबल्यावर की वळताना. जो खरा कारागीर आहे, तो एवढ्यावर निम्मं ताडतो. मग तीनच गोष्टी विचार. पार्ट कंपनीचा की लोकल? मजुरी वेगळी किती? आणि काढलेला जुना पार्ट मला द्याल ना? तिसऱ्या प्रश्नानं फार फरक पडतो, बघ.

एक गोष्ट मात्र होणारच, त्याची तयारी ठेव. बोलता बोलता तो तुझ्या डोक्यावरून मागं बघेल आणि म्हणेल, "ताई, साहेबांना पाठवून द्या, त्यांना सांगतो." रागावायचं नाही. शांतपणे म्हणायचं, "गाडी माझ्या नावावर आहे, मलाच सांगा."

पण तुझी गाडी तर सेकंडमध्ये घेतलेली, वर एमएच २२ पासिंग. परभणीचं पासिंग म्हणून काही बिघडत नाही. आपला हिंगोली जिल्हाच १ मे १९९९ ला परभणीतून निघाला आणि मग ३८ नंबर मिळाला. पण आरसी अजून जुन्या मालकाच्याच नावावर नाही ना? फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या घे. कर्जाचा बोजा चढलेला असेल तर बँकेकडून फॉर्म ३५ आण. विम्यावरचं नावही बदल. हे या आठवड्यात उरक. इंजिनाचं नंतर बघू.