मादाम क्यूरी : आई आणि शास्त्रज्ञ

मुलांनो, रेडियमचा शोध तुम्हांला माहीत आहे ना? तो १८९८ साली पॅरिसमध्ये मादाम क्यूरी व त्यांचे पती पिएर यांनी लावला. तेव्हा त्यांची मुलगी आयरीन एक वर्षाची होती. मादाम क्यूरी बाळाचे वजन व नवे दात यांची वहीत नोंद ठेवीत. त्या प्रयोगशाळेत जात, तेव्हा त्यांचे सासरे नातीला सांभाळत. पुढे मादाम क्यूरी यांना दोन नोबेल पारितोषिके मिळाली. १९३५ साली आयरीनलाही ते मिळाले.

घरच्यांनी हातभार लावला, म्हणून हे घडले. तुमची आईही दिवसभर राबते. तिलाही काही वाचावेसे, शिकावेसे वाटत असेल. तिचे कोणते काम तुम्ही आजपासून कराल?