एकटीने सुरात, मिळून बेसूर?

प्रश्न : लातूरच्या आम्ही बावीस जणी आणि दहा पुरुष मिळून 17 सप्टेंबरच्या कार्यक्रमासाठी तीन समूहगीतं बसवतोय. कार्यक्रम नांदेडला आहे आणि तिथलाही एक गट आमच्याबरोबर गाणार आहे. एकेकीला गायला लावलं तर गाणं बरं येतं. सगळे मिळून गायलो की सूर ढिला पडतो. पेटी मध्येच थांबवली तर दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत पट्टी उतरते, आणि पेटी पुन्हा सुरू झाली की फजिती कळते. असं का होतं? आणि दोन गावांतल्या दोन गटांनी तालीम करायची तरी कशी?
— एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, तुम्ही एकेकीला गायला लावून पाहिलंत, तिथेच निम्मं उत्तर आलं. गळे चांगले आहेत. गाणाऱ्यांना एकमेकांचं आणि स्वतःचं नीट ऐकू येत नाही, एवढंच बिघडलंय.

एकटी गाताना आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी येतो, हवेतून कानात आणि डोक्याच्या हाडांमधून आतल्या आत. सूर जरा हलला की तिथल्या तिथे कळतं, गळा तो सावरून घेतो. तीस जणांच्या घोळक्यात ही वाट बुजते. स्वतःचा आवाज सापडेना की माणूस नकळत तो वाढवतो. एतियेन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 मध्ये ही सवय नोंदवली. भरल्या लग्नात दोघं बोलायला लागले की काही वेळाने ओरडतात, तेच हे. शेजारणीने आवाज चढवला की तुम्ही चढवता, मग पलीकडची चढवते, आणि दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत सगळा गट खच्चून गात असतो. खच्चून गाणाऱ्याचा श्वास ओळीच्या शेवटी संपतो आणि शेवटचा सूर खाली बसतो.

स्वीडनचे संशोधक स्टेन टर्नस्ट्रॉम यांनी गायकवृंदांवर याची मोजमापं केली. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज बाकीच्यांच्या एकत्रित आवाजापेक्षा सरासरी 6 डेसिबलने वरचढ ऐकू आला तर बरं वाटतं, असं त्यांना आढळलं. याचा घरगुती अर्थ असा की खांद्याला खांदा लावून उभं राहू नका. दोघींमध्ये हातभर जागा सोडा. एवढ्यानेच पहिल्या दिवशी फरक पडेल.

विद्यापीठांच्या युवक महोत्सवात समूहगानाला सहा गायक आणि तीन साथीदार असतात. तिथे गाजलेल्या मुली पुढे मोठ्या गटात आल्या की गोंधळतात, कारण सहा जणांत स्वतःचा सूर शोधावा लागत नाही. बत्तीस म्हणजे सहाची पाचपट नव्हे, ताई. तो वेगळाच प्रकार आहे.

माझीच एक फजिती सांगतो. एका शाळेच्या मैदानावर चाळीस मुलं मी एका सरळ रांगेत उभी केली. फोटो छान येईल म्हणून! पेटी-तबला डाव्या टोकाला. रांग भरली साठ फूट. आवाजाला साठ फूट जायला सेकंदाचा साधारण विसावा भाग लागतो. ऐकताना तो किरकोळ वाटतो, पण द्रुत गाण्यात पुरेसा नडतो. त्यात प्रत्येक मूल शेजाऱ्याचं ऐकून गात होतं, म्हणजे उशिरात उशीर. समेवर डावं टोक पोचलं तेव्हा उजवं टोक अजून वाटेत होतं. फोटो मात्र छान आला. तेव्हापासून मी अर्धवर्तुळ सोडत नाही. पेटी मधोमध ठेवतो आणि पक्क्या सुराच्या दोघी-तिघी सगळ्यांत मागे. पुढे उभ्या केल्या तर त्यांचा आवाज श्रोत्यांना मिळतो, गटाला मिळत नाही.

आता पट्टी उतरण्याचं. नवशिका सुतार पहिली फळी टेपने मोजतो, दुसरी पहिलीवर ठेवून कापतो, तिसरी दुसरीवर. दहाव्या फळीला बोटभर फरक पडलेला असतो. पेटी थांबली की गट हेच करतो. वर चढताना सूर केसभर कमी पडतो, उतरताना केसभर जास्त उतरतो, आणि पुढचा सूर या चुकलेल्या सुरावरून मोजला जातो. सगळे मिळून उतरतात, म्हणून कुणालाच कळत नाही. उपाय म्हणजे प्रत्येक सूर ‘सा’वरून मोजायचा. तालमीत तंबोरा अखंड चालू ठेवा, पेटी मधूनमधून बंद करा. सुरांवर बोट ठेवून पेटी सतत वाजत राहिली तर तुम्ही पेटीच्या मागे गाता, सूर लावत नाही. शिवाय पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा थोडा चढाच असतो. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर सुमारे 14 भागांनी. एकीने पेटीचा गंधार धरला आणि दुसरीने तंबोऱ्याचा, तर दोघीही बरोबर असून भांडण!

बायकांची पट्टी साधारण काळी चार-पाच, पुरुषांची काळी एक-दोन. सगळे मिळून गाणार म्हटल्यावर कुणीतरी ओढाताणीत सापडतंच, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा पेटीवाल्याला सोयीची पट्टी सगळ्यांवर लादली जाते. तसं करू नका. गाण्यातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सूर आधी शोधा, मग ‘सा’ ठरवा. चाल मंद्रात फारशी उतरत नसेल तर काळी पाच दोघांनाही चालून जाते. पुरुष आपसूक खालच्या सप्तकात गातात. तिन्ही गाण्यांना एकच पट्टी हवी असा काही नियम नाही.

सुराइतकाच घोळ उच्चारांचा असतो. 2023 पासून राज्यगीत झालेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ घ्या. निम्मे जण ‘जय’ म्हणतात, निम्मे ‘जै’. स्वर वेगळा म्हणजे तोंडाचा आकार वेगळा, आणि एकाच सुरावर असूनही आवाज मिसळत नाहीत. ‘माझा’तला झ मराठीत दातांजवळचा, हिंदीच्या सवयीने कुणी तो टाळूवर नेतं. एकटीच्या गाण्यात हे खपतं. बत्तीस जणांत ते भाजीतल्या खड्यासारखं दाताखाली येतं. मी एक संपूर्ण तालीम शब्द नुसते बोलण्यात घालवतो, सुराशिवाय, टाळीवर. मंडळी कंटाळतात, आणि मी कंटाळू देतो. ‘स’ने संपणारा शब्द तर दोघींनीच पुरा करायचा, बाकीच्यांनी गिळायचा, नाहीतर माइकवर फुसकारा येतो.

श्वास मात्र सगळ्यांनी एकदम घेऊ नका. लांब सुरावर शेजारणीशी आधीच ठरवा, की तू आधी आणि मी नंतर. चोरून घ्यायचा आणि परत येताना हळूच मिसळायचं. हे शिकायला वारकऱ्यांच्या भजनात जाऊन बसा. टाळकऱ्यांच्या दोन ओळींत सूर तुटलेला कधी ऐकलात? तुमच्या जिल्ह्यात औशाच्या नाथ संस्थानाची चक्री भजनाची परंपरा आहे. पावलांच्या ठेक्यावर गाणारी ती मंडळी समोर हातवारे करणाऱ्या माणसावाचून एका लयीत राहतात. नांदेडला जाल तेव्हा सचखंड हुजूर साहिबमध्येही थोडा वेळ थांबा. रागी जथ्यात गाणारे दोघं आणि तबल्यावर एक एवढेच असतात. एक सूर दुसऱ्याच्या हाती कसा देतो, हे डोळे मिटून ऐका.

दोन गावांचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे, पण लोक तो शेवटच्या दिवसावर ढकलतात. 2010 च्या मराठी अभिमानगीतात शंभराहून अधिक नामवंत गायक आणि तीनशेहून अधिक जणांचा कोरस आहे, पण ते ध्वनिमुद्रण. तिथे तुकडे जुळवता येतात, मंचावर येत नाहीत. म्हणून आजच नांदेडकरांशी चार गोष्टी कागदावर आणा. पट्टी, मिनिटाला किती मात्रा, श्वासाच्या जागा, कोणती ओळ कितीदा. मग तुमच्यातल्या एकीने आणि त्यांच्यातल्या एका पुरुषाने तंबोऱ्यावर साधं गायलेलं रेकॉर्डिंग दोन्ही गटांच्या व्हॉट्सअॅपवर टाका. हरकती-मुरक्या नकोत, नाहीतर प्रत्येक जण आपापली उचलेल. मात्रांचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. लय गावागावांत बदलते, आणि उत्साही गट प्रत्येक तालमीत थोडा अधिक पळतो.

गळ्याचंही विचारलं जाणार, म्हणून सांगून टाकतो. ज्येष्ठमध, खडीसाखर, गुळण्या यांनी घशाला बरं वाटतं, पण यातलं काहीही स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. गिळलेलं अन्ननलिकेत जातं, स्वरतंतू श्वासाच्या वाटेवर आहेत. दिवसभर पाणी प्या आणि आदल्या रात्री गप्पा कमी मारा. दुसरं जास्त अवघड.

17 सप्टेंबर म्हणजे 1948 मध्ये निजामाची राजवट संपली तो दिवस. त्याच्या दहा वर्षं आधी, 1938 मध्ये, ‘वंदे मातरम्’ मिळून म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थी काढून टाकले होते. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं, पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. त्या मुलांच्या पट्टीची चौकशी कुणी केली नसेल. तुमच्या पट्टीची होईल, कारण तुमच्यापुढे माइक आहे आणि तुम्हाला गायला कुणी मनाई केलेली नाही.

16 तारखेला नांदेडला पोचलात की जेवणाआधी दोन्ही गट मिळून एकदा गाऊन घ्या, शक्यतो त्याच मंचावर. आणि दोन पेट्या नेऊ नका. जुन्या पेट्यांचे सूर एकमेकींशी क्वचितच मिळतात, मोबाइलवरच्या तंबोऱ्याशीही मिळत नाहीत. जी पेटी मंचावर वाजणार तिच्याशी तंबोरा जुळवा आणि दोन्ही गावांत आजपासून तोच सूर लावून तालीम करा. नांदेडची पेटी चांगली असेल तर लातूरची घरी राहू द्या.