मुहर्रकहून धर्मभगिनींच्या संघाशी जोडून घेताना

वसईची मुलगी बहारीनमधल्या मुहर्रकमध्ये नर्स म्हणून किंवा कुणाच्या घरी कामाला असते. कधीतरी तिच्या मनात येतं, आपलंही सिस्टरांच्या एखाद्या संघाशी नातं असावं. तिला दोनच वाटा ठाऊक असतात, सिस्टर होणं किंवा तो विचार सोडून देणं. मधे आणखी वाटा आहेत, आणि त्यातली आपली कोणती हे क्रमाक्रमानं ठरवता येतं.

सुरुवात कागद-पेनानं करा. वय, लग्न झालंय की नाही, गावी कोण आपल्यावर अवलंबून आहे आणि कर्ज किती, हे सगळं लिहून काढा. कर्ज वाचून दचकू नका. १९८३ची चर्चची धर्मसंहिता या बाबतीत स्पष्ट आहे: ज्या कर्जबाजारी व्यक्तीला कर्ज फेडता येणार नाही, तिला संघात घेऊ नये. आखातात यायला एजंटाला दिलेले पैसे, घराचा हप्ता, भावाच्या लग्नासाठी काढलेली उसनवारी, सगळं त्या यादीत आलं पाहिजे. विवाह कायम असेल तर नॉव्हिशिएट, म्हणजे व्रतांपूर्वीचं प्रशिक्षण, घेता येत नाही. सतरा वर्षं पूर्ण झालेली नसतील तरीही नाही. वरच्या वयाची मर्यादा मात्र प्रत्येक संघ स्वतः ठरवतो, तेव्हा ती पहिल्याच पत्रात विचारा.

मग माणसं गाठा. मिस्सासाठी पूल ओलांडून मनामाच्या सेक्रेड हार्ट चर्चमध्ये जावं लागतं. १९३९ साली तिथल्या शासकांनी दिलेल्या जागेवर ते उभं राहिलं. दुसरा पर्याय आवालीचं कॅथेड्रल, ते डिसेंबर २०२१मध्ये उघडलं. आधी तिथल्या धर्मगुरूंशी बोला, मग सिस्टरांशी. ५ नोव्हेंबर २०२२ला पोप फ्रान्सिस बहारीनमध्ये ज्या सेक्रेड हार्ट शाळेत तरुणांना भेटले, ती शाळा धर्मभगिनीच चालवतात. प्रार्थनेचा गट जमवायचा असेल तर तो चर्चच्या आवारात, धर्मगुरूंना सांगून जमवा. भाड्याच्या खोलीत नको. आणि व्हॉट्सॲपवर ‘प्रवेश मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला उत्तरच देऊ नका.

आता वाट निवडा. सगळ्यात हलकी वाट सहयोगीची: रोजची प्रार्थना, अधूनमधून भेट, जमेल ती सेवा. यात व्रतं नसतात, विवाहितेलाही ती चालते. सगळ्याच संघांत ही सोय नसते. जिथे असेल तिथे काय करावं लागेल, किती काळ, आणि थांबायचं झालं तर काय, हे लेखी घ्या. याहून घट्ट नातं हवं असेल तर फ्रान्सिस्कन आणि कार्मेल परंपरेतल्या प्रापंचिकांच्या संघटना आहेत. फ्रान्सिस्कन शाखेच्या नियमाला पोप पॉल सहावे यांनी १९७८ साली मान्यता दिली. तिथे घर आणि नोकरी सांभाळून प्रशिक्षण होतं, मग वचन दिलं जातं. आखातातल्या बहुतेकींना हीच वाट झेपेल, असं मला वाटतं. सिस्टर होण्यापेक्षा ती कमी प्रतीची आहे, असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या.

सिस्टरच व्हायचं असेल तर वार्षिक रजेतले काही दिवस संघाच्या घरी राहण्यासाठी ठेवा. अंधेरीचा हेल्पर्स ऑफ मेरी संघ (ॲना हुबेर्टा रोगेनडॉर्फ यांनी १९४२ साली स्थापलेला) किंवा मंगळूरमध्ये १८७० पासून काम करणारा ॲपोस्टॉलिक कार्मेल, अशा दोन-तीन घरांना पत्रं टाका. राहताना चॅपलइतकंच स्वयंपाकघर बघा. सिस्टर एकमेकींशी जेवताना कशा बोलतात, त्यावरून पुष्कळ कळतं.

संघानं लेखी होकार दिल्याशिवाय इथला राजीनामा देऊ नका. तुमचा राहण्याचा परवाना मालकाशी बांधलेला असतो, तो गेला की मुक्काम संपला. मुहर्रकमध्ये नोकरी करत नॉव्हिशिएट पुरं करता येईल का, असं काहीजणी विचारतात. येत नाही. नॉव्हिशिएट किमान बारा महिन्यांचं आणि ते नेमून दिलेल्या घरातच. एकूण तीन महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर ते अवैध ठरतं. पंधरा दिवसांवरची गैरहजेरी भरून काढावी लागते. पुढे तात्पुरती व्रतं, साधारण तीन ते सहा वर्षं. आजन्म व्रतांसाठी वय किमान एकवीस.

साठवलेल्या दिनारांचं काय? पहिल्या व्रतांपूर्वी आपल्या मालमत्तेचा कारभार कुणाकडे सोपवायचा ते ठरवावं लागतं, आणि आजन्म व्रतांच्या आधी कायद्यानं टिकेल असं मृत्युपत्र करावं लागतं. मधेच बाहेर पडलात तर संघात केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही. संघानं माणुसकीनं वागावं, एवढंच धर्मसंहिता सांगते. घरच्यांना हे आधीच समजावून सांगा.

कागदपत्रांत स्नानसंस्काराचा दाखला नवा लागतो, कपाटातला जुना चालत नाही. दृढीकरण, विवाह, व्रतं अशा पुढच्या नोंदी त्याच मूळ नोंदवहीत होतात, म्हणून तुम्ही मोकळ्या आहात हे नव्या दाखल्यावरूनच दिसतं. रजेचं तिकीट काढण्याआधीच गावच्या धर्मग्रामाला त्यासाठी पत्र टाका.