तिच्यापुढे दुसरी वाट होती का?

प्रश्न : एकोणिसाव्या शतकात इतक्या बायका वेश्याव्यवसायाकडे का वळल्या? यावरून आमच्या घरात वाद झाला. वडील म्हणाले, गरिबीमुळे. काका म्हणाले, इंग्रजांमुळे. आजीचं म्हणणं, ज्यांचं पाऊल वाकडं पडलं त्याच गेल्या. खरं काय?
– एक वाचक, पलसाणा (जि. सुरत)

उत्तर : आजींचं म्हणणं आधी घेतो, कारण त्या काळी बहुतेकांचं मत हेच होतं. ‘रांड’ हा शब्द आठवून पाहा. मराठीत तो विधवेलाही लावत आणि वेश्येलाही. नवरा मेलेली आणि बाजारात बसलेली, दोघींना समाजाने एकाच शब्दात कोंबलं होतं. तुमच्या प्रश्नाचा एक मोठा धागा इथेच हाती लागतो.

वरच्या जातींत मुलीचं लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होई. नवरा वारला की पुन्हा लग्न नाही, शिक्षण नाही, हाती पैसा नाही. दिवसभर राबायचं ते सासरच्या किंवा माहेरच्या तुकड्यांवर. 1856 साली विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने परवानगी दिली खरी. पण त्याच कायद्याप्रमाणे पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जाई, आणि वर समाजाचा बहिष्कार. अशा मुलीला घरातल्याच कुणी नादी लावलं आणि दिवस गेले, तर पुरुष नामानिराळा राही. तिच्यापुढे उरे विहीर, बाळाचा गळा किंवा अनोळखी शहर. शहरात कुंटीण वाट पाहतच असे.

हे तुमच्या जिल्ह्यातच घडलेलं आहे. तापीपलीकडच्या ओलपाडची विजयालक्ष्मी ही तरुण ब्राह्मण विधवा. नवजात बाळाला मारल्याबद्दल 1881 साली सुरतेच्या न्यायालयाने तिला फाशी सुनावली. अपिलात ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली आणि पुढे आणखी कमी झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीला नावं ठेवली गेली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांनाच जाब विचारला. बाळाच्या बापाचं नाव कुठल्या निकालात येतं? आजींना एवढंच विचारा. पाऊल दोघांचं पडलं, मग घराबाहेर एकटीच का काढली गेली?

जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी हे आधीच ओळखलं होतं. 1863 साली पुण्यात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेने यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल ठेवून जावं किंवा घेऊन जावं. 1884 पर्यंत तिथे पस्तीस ब्राह्मण विधवा आल्या, असं जोतीरावांनी लिहून ठेवलं आहे. दार उघडं मिळालं तेव्हा त्या त्याच दाराने आल्या.

आता वडिलांचं म्हणणं. गरिबी हे कारण खरंच, पण गरीब तर पुरुषही होते. फरक असा की बाईच्या हातचं कामच गेलं. पूर्वी निराधार बाई चरख्यावर सूत कातून घरबसल्या चार पैसे मिळवी. 1828 साली बंगालच्या ‘समाचार दर्पण’मध्ये अशाच एका विधवेचं पत्र छापून आलं. तीन मुली पदरात, चरख्यावर तिने सगळं निभावलं, आणि मग विलायती सूत आलं तसं तिचं सूत कुणी घेईना. तुमच्याकडे कडोदऱ्यापासून सुरतेपर्यंत बायका साड्यांचे धागे कापून, खडे चिकटवून घर चालवतात. तेवढंही हातचं काम उद्या थांबलं तर काय होईल, याची कल्पना तुम्हाला जास्त येईल. त्यात दुष्काळ. 1899-1900 च्या ‘छप्पनिया’ दुष्काळात गुजरात होरपळला, तेव्हा पंडिता रमाबाईंनी तिथल्या मुली केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. भुकेल्या मुली हेरणारी माणसं दुष्काळी भागात फिरत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणि काही जणींना तर ‘वळण्या’चा प्रश्नच नव्हता. खंडोबाची मुरळी, यल्लम्माची जोगतीण ही लहानपणीच देवाला वाहिलेली. काही सरळ विकलेल्या. अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी विकणं आणि विकत घेणं यासाठी 1860 च्या दंडसंहितेत दोन वेगळी कलमं घालावी लागली.

काकांचं म्हणणं अर्धंच खरं. नायकिणी, कलावंतिणी इंग्रजांच्या आधीपासून होत्या. हा धंदा त्यांनी आणला नाही. त्यांनी तो वाढवला आणि त्याची नोंदवही केली. छावण्यांतले गोरे शिपाई, मुंबईच्या गिरण्यांत एकटे आलेले कामगार, यांनी गिऱ्हाईक वाढलं. मग 1868 च्या कायद्याने बाईची नोंदणी आणि सक्तीची वैद्यकीय तपासणी आली; रोगी निघाली तर इस्पितळात डांबणं. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाची तपासणी नाही. 1888 मध्ये तो कायदा गेला, पण एकदा नाव त्या वहीत चढलेल्या बाईला कोण घरात घेणार?

म्हणून ‘का वळल्या’ असं न विचारता ‘कुणी ढकललं’ असं विचारावं, असं माझं मत आहे. ताराबाईंचं पुस्तक 1882 साली पुण्यात छापलं गेलं, प्रती पाचशे. पुढे ते विसरलं गेलं आणि 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणलं. आता ते मिळतं. तुमच्याच जिल्ह्यातल्या एका मुलीसाठी ते लिहिलं गेलं. जमेल तर आजींना वाचून दाखवा.